एक लांब, दोन आखूड

१

दुपारची जेवणं उरकली, कूलरमध्ये पाणी भरून झालं, की ज्योत्स्नाबाई समुद्रावर जायच्या.

जायच्या म्हणजे कुठे, स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायच्या. पिपरी मेघेपासून समुद्र इतका लांब की उभ्या जन्मात त्यांनी तो एकदाच पाहिला होता. तोही शाळेच्या सहलीत, पोरं हरवू नयेत म्हणून मागे बघता बघता. पण गेल्या हिवाळ्यापासून त्या डॉल्फिन आणि देवमासे वाचवण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या स्वयंसेवक झाल्या होत्या. कोकणच्या किनाऱ्यापासून जरा आत या संस्थेने पाण्याखाली मायक्रोफोन सोडून ठेवले होते. आदल्या दिवशी त्यांत जे काही ऐकू आलं त्याचे तुकडे करून संस्था ते गावोगावच्या स्वयंसेवकांना पाठवायची. कानाला हेडफोन लावायचे, तुकडा ऐकायचा आणि कुठे शीळ, कुठे बोटीचं इंजिन, तिथे खूण करायची. त्या खुणांवरून कळायचं की जनावरं कुठून कुठे फिरतात आणि मोठ्या बोटींनी कुठली वाट सोडावी.

जन्मभर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला निवृत्तीनंतर कोणी पुन्हा असं काम दिलं, तर ती जीव ओतूनच करणार. गल्लीतल्या बायका चेष्टा करायच्या. "वर्ध्यात बसून मासे पाहून राह्यली माय ही!"

"मासे नाई वं ते," ज्योत्स्नाबाई म्हणायच्या. "आपल्यासारखेच हायेत. लेकरं पाजतेत."

शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान सदाशिवराव पडलेले असत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस मोठा बोलका. पानठेल्यावर पाच मिनिटांसाठी गेला की दोन तास गप्पा मारूनच परत यायचा. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला तो न्हाणीघरात. ज्योत्स्नाबाई त्या दिवशी सिंदीला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. नळ तसाच चालू, खाली पाणीच पाणी, आणि त्यात सदाशिवराव कुशीवर पडून हाका मारत राहिले. आधी बायकोला, मग कोणालाही. संध्याकाळी बाई परतल्या तेव्हा त्या हाकांमधले शब्द गळून गेले होते, नुसता आवाज उरला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं.

तुमचा काय दोष, असं सगळे म्हणाले. बाईंनीही मान डोलावली. पण त्या दिवसापासून त्यांनी मनाशी एक पक्कं केलं होतं. ह्यांची हाक पुन्हा रिकामी जाऊ द्यायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

आता हाक म्हणजे शिट्टी. मुलाने, योगेंद्रने, नागपूरहून लाल प्लास्टिकची शिट्टी आणून दिली आणि वाजवायची रीत सदाशिवरावांनी आपली आपणच ठरवली: एक लांब, दोन आखूड. कालव्याला पाणी सोडण्याआधी खात्याचा चौकीदार तशी शिट्टी द्यायचा. ती ऐकली की ज्योत्स्नाबाई असतील तिथून ओरडायच्या, "आलीऽ जी!" मग हातातलं टाकून धावायच्या. त्या दारात दिसल्या की सदाशिवराव आपला डावा, चांगला पाय आत ओढून घ्यायचे आणि पलंगाच्या काठाशी त्यांना बसायला जागा करून द्यायचे. बोलता येत नव्हतं, तर हेच त्यांचं बोलणं होतं. ज्योत्स्नाबाईंना दिवसभरात त्याहून जास्त काही नको असायचं.

२

संस्थेच्या कामाची सगळी व्यवस्था प्रेरणा नावाची मुलगी बघायची. किनाऱ्यावरच राहायची, आणि सुरुवातीला तिने फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं.

"प्रत्येक डॉल्फिनची एक स्वतःची शीळ असते, ताई. तेच तिचं नाव समजा. दुसरीला तिला बोलवायचं असलं, की ती तिचीच शीळ घालते."

"आणि ओ नाही दिली तर?"

"देतात बहुतेक. पिल्लू हाका मारत असलं आणि आई जवळपास नसली, तर गटातली दुसरी एखादी मादी त्याच्याजवळ येते. आईच्या जागी पोहायला लागते. मग पिल्लूही तिच्याच मागे जातं."

"आपल्या आईले विसरून?"

"ते आपल्याला कसं कळणार?" प्रेरणा हसली. "पण हाक तेवढी रिकामी राहत नाही."

ज्योत्स्नाबाईंना हे फार आवडलं. त्यांनी ते आनंदाबाईला सांगितलं. आनंदाबाई सकाळी भांडी आणि पोळ्या करायला यायची. योगेंद्रलाही फोनवर दोनदा सांगितलं.

होळी होऊन गेली आणि ऊन तापायला लागलं. अशा एका दुपारी बाई हेडफोन लावून बसल्या होत्या. समुद्राच्या तळाशी झिंगे असतात, ते सतत तडतडतात, फुटाणे भाजल्यासारखे. त्या तडतडीची बाईंना एव्हाना इतकी सवय झाली होती की ती ऐकताना डोळा लागायचा. त्या तडतडीतून एक शिट्टी आली. एक लांब, दोन आखूड.

"आलीऽ जी!" बाई ओरडल्या, हेडफोन काढून टाकले आणि धावत आतल्या खोलीत गेल्या.

सदाशिवराव गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात पोटावर. शिट्टी उशाशी खिळ्याला टांगलेली होती, तिची दोरीसुद्धा हलत नव्हती.

बाई स्वतःशीच हसल्या. म्हाताऱ्या झाल्या तुम्ही, असं मनात म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या. मग तुकडा जरासा मागे घेऊन पुन्हा ऐकला.

तडतड. तडतड. मग शिट्टी, एक लांब, दोन आखूड. ती तुकड्यातच होती. समुद्रातच.

३

ज्योत्स्नाबाई भिणाऱ्यातल्या नव्हत्या. वर्गात बेडूक चिरायच्या तेव्हा मागच्या बाकावरची दांडगी पोरं डोळे मिटून घ्यायची, आणि ही बाई एका हाताने फळ्यावर आकृती काढायची. त्यांनी तो तुकडा प्रेरणाला पाठवला आणि खाली लिहिलं की मला माझ्या घरातल्या शिट्टीसारखं वाटतंय, जरा बघ.

प्रेरणाचा फोन आला. "घरातली शिट्टी कशी येईल, ताई? हा आवाज इथला आहे, काल पहाटेचा. अगदी स्पष्ट शीळ आहे. पण गंमत म्हणजे या गटातली नाही. नवीन आहे कोणीतरी."

"एकटीच हाय का?"

"एकटीच. आणि तिला कोणी उत्तर देत नाही."

योगेंद्रने ते हसण्यावारी नेलं. "आई, एक लांब दोन आखूड, यात काय एवढं? उद्या रेल्वेचं इंजिन तशी शिट्टी देईन, त तू का स्टेशनवर पळशीन?"

बरोबरच होतं त्याचं. सूर म्हटले की त्यात सारखेपणा आलाच. बाईंनी मान्य केलं आणि रोजच्यासारख्या समुद्रावर जाऊन बसल्या. शिट्टी मात्र रोज यायला लागली. पहिल्या दिवशी ती लांबून आली होती, मधे खूप पाणी असल्यासारखी. मग ती जवळ जवळ येऊ लागली. कानाला हेडफोन असले की आवाज कुठून आला ते कळत नाही, बाहेरचा आणि आतला एकच होतो. त्यामुळे बाई सावध राहायचं ठरवूनही फसायच्या. शिट्टी झाली की तोंडातून निघूनच जायचं, "आलीऽ जी!" कान आणि तोंड यांचा आपसातलाच हा कारभार, डोक्याला कोणी विचारतच नव्हतं. कधी कधी उठून जाऊन बघितल्यावर खरंच सदाशिवरावांनी बोलावलेलं असायचं. कधी ते झोपलेले असायचे.

बाईंना त्या एकटीची दयाही यायची. इतक्या मोठ्या पाण्यात ती बोलावून राह्यली बिचारी, आणि तिला ओ देणारी एक मी, ती पण वर्ध्यात!

आठवडाभराने शिट्टीच्या मागून दुसरा एक आवाज आला. आधी लांबट, चढत गेलेला, मग शेवटी एक तुटक ठोका. बाईंनी तिथे खूण केली. संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना तोच आवाज त्या नकळत गुणगुणत होत्या, आणि गुणगुणता गुणगुणता त्यांचा हात दोरीवरच थांबला. तो सूर त्यांना पाठ होता. त्यात शब्द नव्हते, तोंड मिटून कोणी म्हणावं तसा होता, पण चढ तोच आणि शेवटचा ठोका तोच.

आलीऽ जी.

कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून बाई बराच वेळ गच्चीवर उभ्या राहिल्या. ऊन उतरलं होतं तरी पायाखालची फरशी तापलेली होती. 

प्रेरणाला मात्र आनंद झाला. "तिला उत्तर देणारी मिळाली, ताई! आणि बघा ना, उत्तर दर वेळी थोडं लवकर येतंय."

४

आनंदाबाईजवळ हे बोलायचं नाही असं ठरवूनही ज्योत्स्नाबाई बोलून गेल्या. पोळी तव्यावर तशीच ठेवून आनंदाबाई वळली.

"तुमी ओ देल्ली?"

"अवं, तोंडातून निघून जाते."

"अवो बाप्पा! बाई, तुमी इतक्या शिकलेल्या! आमच्या माहेरी, नाचणगावले, भर दुपारी इहिरीवर कोणी हाक मारली त तीन हाका झाल्याबिगर ओ देत नाईत. आपलं मानूस असन त तीनदा बोलावते. जे आपलं नसते ना, थे दोनच्या वर बोलावत नाई."

"काऊन?"

"थे मले काय मालूम? पन ओ देल्ली का त्याले रस्ता भेटते."

शाळेत असताना ज्योत्स्नाबाईंनी असल्या समजुतींची भर वर्गात खिल्ली उडवली असती. आताही त्या हसल्याच. पण दुपारी हेडफोन लावायच्या आधी सदाशिवरावांजवळ जाऊन बसल्या. त्यांनी पाय आत घेऊन जागा करून दिली.

"आयका ना जी. हे कानाले लावलं का मले तुमची शिट्टी अन् तिकडची शिट्टी वेगळी कळत नाई. म्हून आता तीनदा वाजवत जा. तिसरीले मी येतेच. पक्की येते."

सदाशिवराव त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती, पण दुसरीवर जे उमटलं ते बाईंना नीट वाचता आलं. न्हाणीघराच्या फरशीवर पडलेल्या माणसाला, तुमची पहिली हाक यापुढे धरायची नाही असं कोणी सांगितलं, तर तो असाच बघेल. बाईंना वाईट वाटलं. त्यांनी त्यांचा हात दाबला. "पडताळून पाह्यसाठी फक्त," असं म्हणाल्या. हे त्या स्वतःलाच सांगत होत्या.

५

तीन हाकांचा नियम दोन-तीन दिवस नीट चालला. समुद्रातली शिट्टी एकदा व्हायची, फार तर दोनदा, आणि बाई ओठ घट्ट मिटून बसायच्या. सदाशिवराव तीनदा वाजवायचे, मग त्या जायच्या. आनंदाबाईचं म्हणणं खरं ठरतंय याचा त्यांना थोडा रागच आला होता.

एका दुपारी त्या स्वयंपाकघरात होत्या. अंबाडीची भाजी शिजत होती. हेडफोन कानाला नव्हते, ते लॅपटॉपवर पडले होते.

शिट्टी झाली. एक लांब, दोन आखूड.

बाईंनी पळी थांबवली. आवाज घरातला होता, यात शंका नव्हती. पण सदाशिवरावांच्या खोलीतून आला की तिच्या पलीकडून, न्हाणीघरातून? नळाला पाणी यायच्या आधी पाइपात हवा भरते आणि ती सुस्कारे टाकते, शीळसुद्धा घालते. आज नळाचा दिवस होता का? आठवेना. नियम म्हणजे नियम. आपणच केलेला नियम पहिल्याच अडचणीला मोडायचा नाही, असं त्यांनी शाळेत इतक्या पोरांना शिकवलं होतं.

दुसरी झाली. जरा दमाने, जरा विनवून. बाईंचं पाऊल उचललं आणि पुन्हा खाली टेकलं. त्या तिसरीची वाट बघत उभ्या राहिल्या. भाजीवरचं झाकण थडथडत होतं, कूलर घरघरत होता.

तिसरी झालीच नाही.

मग पळी टाकून त्या धावल्या.

सदाशिवराव उशीला टेकून नीट बसले होते. चेहरा शांत, डोळे न्हाणीघराच्या दाराकडे. पलंगाच्या एका अंगाला स्वयंपाकघराकडचं दार होतं आणि दुसऱ्या अंगाला न्हाणीघराचं. झटका आल्यापासून त्या दाराकडे त्यांनी कधी मान वळवली नव्हती. अंग पुसायचं असलं तरी बाई बादली खोलीत आणायच्या. आज ते आपण होऊन तिकडे बघत होते. शिट्टी मांडीवर होती. आणि डाव्या हातात पाण्याचा पेला होता, अर्धा प्यालेला.

"पाणी कोणं देल्लं जी तुम्हाले?"

सदाशिवरावांनी हळूच त्यांच्याकडे बघितलं. मग हनुवटीने त्यांच्याचकडे खूण केली. तूच की.

आनंदाबाई सकाळीच गेली होती. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. ज्योत्स्नाबाईंनी पेला हातात घेतला, तो बाहेरूनही ओला होता. स्टुलावर तांब्या होता, त्यातून डाव्या हाताने ओतून घेतलं असेल. तसं झालं असेल तर चांगलीच गोष्ट होती, व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई खूष झाल्या असत्या. ज्योत्स्नाबाईंनी तांब्या उचलून पाहिला. तो काठोकाठ भरलेला होता.

त्यांनी पेल्यातला एक घोट घेतला. पाणी खारट लागलं.

पण पिपरीच्या बोअरचं पाणी गोड कधी होतं? उन्हाळ्यात ते मचूळच लागतं, गल्लीत सगळ्यांची तीच तक्रार. त्यांनी पेला मोरीत ओतला आणि विसळला. मग आणखी एकदा विसळला. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. ते उघडून बघावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा त्यांना भाजी आठवली.

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेरणाला फोन केला. "मले आता जमणार नाई बेटा. ह्यांच्याकडे लक्ष द्यावं लागते."

प्रेरणा हळहळली. इतकं मन लावून ऐकणारं दुसरं कोणी नाही, म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि ताई, तुमची ती नवी शीळ होती ना? ती कालपासून नाहीये. उत्तर देणारीही नाही. दोघी निघून गेल्या बहुतेक."

"कुठं?"

"समुद्र मोठा आहे, ताई. जाणारी कुठेही जाते."

ज्योत्स्नाबाईंनी ते चांगल्या अर्थाने घेतलं. गेल्या त्या, संपलं. हेडफोन वायर गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर गेले, जुन्या स्वेटरांच्या मागे. कितीतरी दिवसांनी त्या दुपारी घरात घरातलेच आवाज होते. समोरच्या घरातली शिलाई मशीन, कूलर, गल्लीतून जाणारा भंगारवाला. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी न्हाणीघराचं दारसुद्धा उघडून पाहिलं. बादली, मग, साबण. फरशी ओली होती. पण न्हाणीघराची फरशी ओली नसेल तर कशाची असेल?

त्या सदाशिवरावांजवळ जाऊन बसल्या. "आता पहिल्याच शिट्टीले येते मी. तीन-बिन काई नाई. माझं चुकलंच जी. रागावले का?"

सदाशिवरावांनी मान हलवली. नाही. खरंच ते रागावलेले नव्हते. गेले कित्येक महिने त्यांच्या डोळ्यांत एक धाकधूक असायची, बाई खोलीतून बाहेर पडल्या की ती दिसायची. ती आता नव्हती. त्यांना जणू कोणी पक्का शब्द दिला होता. बाईंना वाटलं, आपणच दिलेला हा शब्द. त्यांना बरं वाटलं, आणि त्यांनी ओल्या फडक्याने त्यांचा चेहरा मायेने पुसला.

फक्त एक गोष्ट त्यांना नंतर आठवली. त्या बसल्या तेव्हा सदाशिवरावांनी पाय आत घेतला नव्हता. त्या काठावरच कशाबशा टेकल्या होत्या. दमले असतील, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

७

चैत्र सरत आला होता. गच्चीवर ज्वारीचे पापड वाळत घालून ज्योत्स्नाबाई जिना उतरत होत्या. हाताला पीठ लागलेलं, डोक्यावर पदर. खालून शिट्टी झाली. एक लांब, दोन आखूड.

"आलीऽ जी!" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

पण तोंड उघडायच्या आधीच घरातून कोणी म्हणालं होतं.

"आलीऽ जी!"

आवाज त्यांचाच होता. आता तो मिटल्या तोंडाचा नव्हता, नीट शब्दांचा होता. घाईत असल्या की शेवटच्या 'जी'वर त्यांचा जो ठोका पडायचा, तोही होता. गच्चीच्या भिंतींनी आवाज परत दिला असेल का? पण परत येणारा आवाज मागून येतो, पुढे होऊन येत नाही. जिन्यात उभ्या राहून त्या एवढा विचार करू शकल्या, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

मग त्या धावल्या. शेवटच्या पायऱ्यांवर पाय घसरला तरी थांबल्या नाहीत. स्वयंपाकघर ओलांडलं आणि खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

सदाशिवराव उशीला टेकून बसले होते. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं आणि ते नुकतंच कोणी धरल्यासारखं हलत होतं. उंबऱ्यापासून पलंगापर्यंतची फरशी ओली होती. त्या ओलीत पावलं नव्हती. काहीतरी जड आणि ओलं ओढत नेल्यासारखा एकच सलग रुंद पट्टा होता. दाराच्या फटीत, खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर, लुगड्याचा काठ दिसला. हिरवा, बारीक रुईफुलाचा. तो काठ बाईंनी ओळखला. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. तोच काठ तिथेही होता, पीठ लागलेला आणि कोरडा.

फटीतला काठ ठिबकत होता. मग तो सावकाश आत गेला.

"मी आली जी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच पातळ वाटला. "इकडं पाहा ना. मी हाय. मी इथं हाय."

सदाशिवरावांनी मान वळवली. त्यांनी बाईंकडे बघितलं, चांगलं निरखून आणि अदबीने, दुपारच्या वेळी दारात कोणी अनोळखी बाई पत्ता विचारायला आली तर बघतात तसं. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बाईंनी पाय धरले असते. पण माफी मागावी असं काही त्या नजरेने ठेवलंच नव्हतं. मग त्यांनी मान पुन्हा पलीकडे वळवली, डाव्या हाताने शिट्टी ओठांना लावली आणि वाजवली.

एक लांब. ज्योत्स्नाबाईंनी श्वास घेतला. दोन आखूड. आता नियम नव्हता, थांबायचं नव्हतं, यावेळी आपणच आधी. सगळा जीव गोळा करून त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आतून, पाण्याच्या खळखळाटाबरोबर, अगदी मायेने आलं,

"आलीऽ जी!"

सदाशिवरावांच्या चेहऱ्याची अर्धी बाजू हसली. त्यांनी शिट्टी बाजूला ठेवली. मग डाव्या हाताने आपला उजवा, मेलेला पाय गुडघ्याखाली धरला, खूप कष्टाने, दम घेत घेत तो उचलून आत ओढला आणि पलंगाच्या न्हाणीघराकडच्या अंगाला बसायला जागा करून दिली.